घर कापा, चंद्र ठेवा

मी चंद्र कापायची. नोकरीच होती ती माझी. इंग्लंडात तुम्ही काय करत होतात, असं कोणी विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की विचारणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होता, त्याचं काम सगळ्यांना कळतं. माझं माझ्या आईलाही कधी कळलं नाही. नागपूरला शेजारपाजारी ती सांगायची, "फोटो स्टुडिओत आहे," आणि लगेच, "पण मोठा स्टुडिओ आहे हो."

स्टुडिओबिडिओ काही नव्हतं. ब्रिस्टलच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटवर कॅलेंडरं आणि ग्रीटिंग कार्डं छापणारी कंपनी होती, तिथे मी फोटो दुरुस्त करायची. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. फोटोग्राफर मंडळी अजून फिल्मच्या स्लाइड्स पाठवायची. आम्ही त्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचो आणि मग काटछाट. संपादकबाईंनी मला बजावलंय, प्रमिलाताई, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. लिहिते. पण मला जी हकीगत सांगायची आहे ती मी हलकी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला घेतलं होतं नुसतं स्कॅनिंगला. रिटचिंग, म्हणजे फोटोंची दुरुस्ती, करणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि आमच्या खात्याच्या मुख्याने मला तिच्या खुर्चीत बसवलं. त्याचं नाव गॅरेथ. कार्डिफचा माणूस, उंच, बारा महिने एकच करडा स्वेटर, बोलणं मोजकं. माझं प्रमिला त्याच्या तोंडात बसेना, म्हणून 'मिला' म्हणायचा. "मिला, चंद्र येतो का तुला?" त्याने विचारलं. मनात म्हटलं, चांदोबा तो, त्यात काय यायचंय!

पहिल्याच फोटोत मी चंद्र उजळ केला. बरा वाटला, म्हणून आणखी उजळ केला. गॅरेथ मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू त्याचा बल्ब केलास." मग खुर्ची ओढून त्याने समजावलं. चंद्र हा दिवा नाही. उन्हात पडलेला करडा दगड आहे, उन्हातल्या दगडासारखाच त्याला वागव. पांढरा करत गेलीस की डाग जातात, आणि डाग गेले की मागे बशी उरते.

मग क्रॉप. क्रॉप म्हणजे फोटोची चौकट ठरवणं, आत काय ठेवायचं आणि बाहेर काय टाकायचं. नवशिका माणूस कपाळावर टिकली लावावी तसा चंद्र मधोमध ठेवतो. तसं करायचं नाही. त्याची कड चौकटीला चिकटू द्यायची नाही. कोर असेल तर ती ज्या बाजूला तोंड करून आहे तिकडे मोकळं आभाळ सोडायचं. आणि आभाळ काळंकुट्ट करायचं नाही, छापल्यावर कागदावर शाईचं डबकं होतं.

चुकाही चिक्कार केल्या. स्लाइडवर धूळ असते, तिचे पांढरे ठिपके एकेक टिपून पुसावे लागतात. एका फोटोत चंद्राशेजारी चांगला ठळक ठिपका होता, तो मी अगदी मन लावून पुसला. तो गुरू होता. फोटोवाल्याने त्या गुरूसाठीच तर फोटो काढला होता! त्याचा फोन आला तेव्हा गॅरेथने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला, तरी मला सगळं ऐकू आलं.

दुसरी चूक मात्र चूक म्हणायला मी आजही तयार नाही. उगवत्या पूर्ण चंद्राचा एक फोटो आला. माझ्या डोळ्यांना तो तिरका दिसला. चंद्रावरचा ससा जागेवर नव्हता, घसरल्यासारखा दिसत होता. फोटोवाल्याने कॅमेरा वाकडा धरला असणार म्हणून मी चंद्र तेवढा फिरवला आणि ससा नीट बसवला. गॅरेथने मूळ फोटो शेजारी ठेवून विचारलं, "हा का फिरवलास?" म्हटलं, सरळ केला. "कुणाच्या हिशेबाने सरळ?" त्या महिन्यात आभाळ मोकळं मिळालं तेव्हा मी बघितलं. इंग्लंडात चंद्र उगवतो तेव्हा ससा खरोखरच वेगळा बसलेला असतो. आपण विषुववृत्तापासून जितके वर सरकतो तितकं आपलं उभं राहणंच बदलतं, त्याला चंद्र काय करणार! मी सरळ केलेला चंद्र नागपूरचा होता. गॅरेथला तसं सांगितलं, तर तो पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, नागपूरचं कॅलेंडर काढू तेव्हा वापरू.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगावेत! एक कार्डवाली बाई चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी हवी म्हणून अडून बसली. तिथे चंद्राचाच अंधारातला भाग असतो. तिथे चांदणी दिसायला चंद्राला काय भोक पडलंय? गॅरेथने डोळ्यांनी दटावलं. मी चांदणी चिकटवून दिली, पण बाईंना सांगूनच दिली की ही खोटी आहे. त्या म्हणाल्या, "लव्हली!"

आणि चार नंबर. कंपनीकडे तयार चंद्रांचा एक फोल्डर होता, त्यातला चौथा सगळ्यांचा लाडका. स्वच्छ, रेखीव, डाग जिथल्या तिथे. कुणाचा चंद्र फिका आला की तो पुसायचा आणि वर चार नंबर चिकटवायचा. दीपगृहावर चार नंबर, मेंढ्यांच्या कुरणावर चार नंबर, बर्फातल्या चर्चवर चार नंबर. एकाच कॅलेंडरात तो पाच-पाच पानांवर असायचा. मी म्हटलं, गॅरेथ, लोकांच्या लक्षात येईल. तो म्हणाला, "चंद्र एकच आहे, मिला." मी पुढच्या पानावरही चार नंबर चिकटवला.

आता हकीगत.

लंडनजवळच्या स्लाऊला आमच्या बौद्ध लोकांचं एक मंडळ आहे. त्या काळी स्वतःची जागा नव्हती. पौर्णिमेला कम्युनिटी हॉल घ्यायचा, पांढरे कपडे, वंदना, मग खीर आणि पोटभर गप्पा. आम्ही ब्रिस्टलहून ट्रेनने जायचो. मंडळाच्या सेक्रेटरी कुंदाताई, शाळेत शिकवायच्या. बोलायला गोड आणि ठरवलेलं करून घेण्यात पटाईत. त्यांच्या मनात आलं, मंडळाचं कॅलेंडर काढू या. बारा महिने, बारा पौर्णिमा. छापायला प्रमिलाची कंपनी आहे आणि फोटोंना आपले गजभियेकाका.

गजभियेकाका मूळचे भंडाऱ्याकडचे. स्लाऊच्या गोदामांतून फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झालेले. दर पौर्णिमेला मागच्या गार्डनच्या टोकाला तिपाई लावायची आणि आपल्या घराच्या छपरावर येणारा चंद्र टिपायचा, हा त्यांचा नेम. काकू स्वयंपाकघरात दिवा लावून असायच्या. ती खिडकी प्रत्येक फोटोत पिवळी दिसते.

कुंदाताई काकांना घेऊन ब्रिस्टलला आल्या, ऑफिसात. काका सूट-टाय घालून. "जय भीम, पोरी," म्हणाले आणि गॅरेथशी हात मिळवला. टेबलावर वर्षभराचे फोटो मांडले. विटांचं घर, छपरावर धुराच्या दोन चिमण्या, टीव्हीची डिश, कपड्यांची दोरी, पिवळी खिडकी आणि वर चंद्र, तीन फोटोंत मात्र नुसते ढग. थंडीत चंद्र डाव्या चिमणीपाशी. मग महिन्यामहिन्याने तो छपरावरून उजवीकडे सरकत गेलेला. ऐन उन्हाळ्यात इतका खाली की काकांच्या आणि शेजाऱ्याच्या घरामधल्या फटीतून डोकावणारा. गॅरेथ बराच वेळ बघत राहिला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमाराला उगवतो. त्या थोड्या वेळात आभाळात उजेड असतो, म्हणून घर आणि चंद्र दोन्ही एकाच फोटोत धड येतात. उशीर झाला की चंद्राची बशी होते नाहीतर घराचा काळा ठोकळा. काकांनी ती वेळ बरोबर साधली होती. गॅरेथने तसं तोंडावर कौतुक केलं.

आणि मग मला म्हणाला, "घर कापा, चंद्र ठेवा. फिका आहे तिथे चार नंबर. खाली पिंपळाची फांदी टाकू."

"पिंपळ छान दिसेल," कुंदाताई म्हणाल्या.

काका इंग्लिशमध्ये म्हणाले, "व्हॉट इज राँग विथ माय हाउस?"

गॅरेथ वाईट माणूस नव्हता, गडबडला. म्हणाला, घर उत्तमच आहे, पण डिश अँटेनाचं कॅलेंडर भिंतीवर कोण लावतं?

आम्ही तिघं वर कँटीनमध्ये चहा घेऊन बसलो. काका कपाला हात लावेनात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मी इथं आलो तवा गावाकडे फोटो पाठवाचो. रानीच्या राजवाड्यासमोर उभा. कोनाच्या तरी गाडीले टेकून. कोनाच्या तरी बागेत."

मी हसले. आम्हीही तेच केलं होतं. शेजाऱ्याच्या लाल गाडीला टेकलेला माझा फोटो नागपूरला अजून असेल.

"घराचा एक बी नाही पाठवला. घर होतं कुठं? एका खोलीत चौघं. भाड्यानं पाह्यले गेलो, तं गोरा मानूस दारातूनच म्हने, गेलं. ते समजलं मले. मंग आपल्यावाल्याकडे गेलो. तो गोड बोलला, बसवलं, चहा देला, अन आडनाव पुसलं. आडनाव सांगतलं, तं घर गेलं." काकांनी कप बाजूला सारला. "आता माहं घर हाय. चंद्र त्याच्यावर येते. तुमी घर कापलं, तं मंग तो चंद्र कोनाचा बी हाय. माह्या फोटोचं काय काम?"

कुंदाताईंचंही आडनाव विचारून झालेलं होतं, माझंही. पण त्या सेक्रेटरी होत्या. "काका, घराचं बघू. पण तीन महिने तर तुमच्या फोटोत चंद्रच नाही, नुसते ढग आहेत. तिथे काय करायचं?"

"ढग होते, तं ढग."

"अहो, पौर्णिमेच्या कॅलेंडरात लोक चंद्र शोधणार ना?"

"मंग खिडकी उघडून शोधा म्हना."

मी त्या आठवड्यात बाकी सगळी कामं मागे ढकलून काकांचे फोटो केले. घर पूर्ण ठेवलं, दोन्ही चिमण्यांसकट. चंद्र जिथे होता तिथेच, जेवढा होता तेवढाच. तीन महिन्यांचे ढग तसेच, खालून रस्त्याच्या दिव्यांनी नारिंगी झालेले. पिवळी खिडकी जराशी जपली. कमिटीला दाखवायला प्रूफं काढून स्वतः स्लाऊला घेऊन गेले.

हॉलमध्ये टेबलावर पानं पसरली आणि बायका धावल्या. "अगं बाई, ही तर काकूंची दोरी! माझा टॉवेल वाळतोय बघ, मीच दिला होता." स्लाऊतच वाढलेला एक तरुण बोट दाखवून ओरडायला लागला, "तो आमची भिंत आहे! कडेला, ती बघ, आमचा भिंत!" सगळे हसले, तोही हसला. एक जुने सभासद मात्र नाक मुरडून म्हणाले, "आपण जगाला दाखवायचं ते हे? विटा आणि वाळत घातलेल्या चड्ड्या?"

"धुतलेल्या आहेत ना?" मी म्हटलं. माझं तोंड तसं फटकळ, सगळ्यांना माहीत आहे.

वादावादी खूप झाली. शेवटी घर राहिलं. पण ढगांचे तीन महिने कमिटीला पचेनात. तिथे चंद्र घालायचाच, असा ठराव झाला. हात वर झाले, काकांचा सोडून. मला मत नव्हतं, मी कमिटीत नव्हते. काकांनी बूट घातले आणि ते निघून गेले.

सोमवारी कुंदाताईंचा ऑफिसात फोन. "प्रमिला, तीन महिन्यांचं करतेस ना?"

"नाही."

"अगं, ठराव झालाय."

"ठराव आभाळाने ऐकला नव्हता, कुंदाताई."

"मग मला गॅरेथशी बोलावं लागेल."

"खुशाल बोला."

बोलल्या. गॅरेथने मला बोलावलं. गिऱ्हाईक तुझंच, लोक तुझेच, ते चंद्र मागताहेत, तुला काय अडचण आहे? मी म्हटलं, मी हे करणार नाही. तो म्हणाला, चांदणी चिकटवलीस की तू, त्या कोरीत! म्हटलं, ती चांदणी कुणाच्या घरावर नव्हती. तो चिडला. त्याला चिडलेला मी तेव्हाच बघितला. "ठीक आहे, उठ," म्हणाला आणि माझ्या खुर्चीत स्वतः बसला.

काम कसं करावं ते त्याच्याकडून बघावं, हे मी आजही म्हणते. त्याने ढग विरळ केले, चार नंबर आणला, थोडा मऊ केला, कडेला ढगाची झाक दिली. चंद्र बसला. पण स्वच्छ चंद्र आला म्हणजे ढगांवरचा नारिंगी उजेड चालेना, तो काढला. तो काढला तर घर फार उजळ दिसायला लागलं, म्हणून घर काळवंडवलं. मग त्या काळ्या घरात पिवळी खिडकी डोळ्यांत खुपायला लागली. गॅरेथने दोन क्लिकमध्ये खिडकी विझवली.

माझं डोकंच फिरलं. त्याच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि काकांचा नंबर फिरवला. पलीकडे काका "हॅलो" म्हणाले तसा रिसीव्हर गॅरेथपुढे धरला. म्हटलं, "सांग त्यांना. त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरातला दिवा तू आत्ताच घालवलास म्हणून सांग."

सगळं खातं आमच्याकडे बघत होतं. गॅरेथने रिसीव्हर घेतला. घसा खाकरून म्हणाला, "मिस्टर गजभिये, गुड मॉर्निंग." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "येस," म्हणाला. "येस, आय सी." स्क्रीनकडे बघत होता, त्या काळ्या घराकडे. "थँक यू, सर," म्हणून त्याने फोन ठेवला. काका काय बोलले ते त्याने कधीच सांगितलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "काही नाही वं. चहाले ये म्हनलं."

गॅरेथने केलेलं सगळं काम पुसलं. सेव्ह न करता फाइल बंद केली. मला म्हणाला, "ढग तर ढग. तुझ्या कमिटीला तू समजाव." आणि उठता उठता, "सोमवारपासून तू परत स्कॅनिंगला."

कमिटीला मी समजावलं नाही. कुंदाताईंना एवढंच सांगितलं, की या कंपनीत तुमचे चंद्र कोणी चिकटवणार नाही, हवे तर दुसरीकडे जा. त्या रागावल्या. मग एका संध्याकाळी फोन करून म्हणाल्या, "छापा तसंच. माझं मी बघते ठरावाचं." कसं बघितलं, मी विचारलं नाही.

त्यानंतर रिटचिंगची खुर्ची मला पुष्कळ काळ मिळाली नाही. रजेवरची मुलगी परत आली, तिच्यानंतर आणखी एक आली, मी आपली स्लाइड्सची धूळ झटकत बसले. गॅरेथ बोलायचा, पण 'मिला' म्हणायचा बंद झाला. त्याची हळहळ वाटते मला, कारण चंद्र मला त्याने शिकवला. पण चुकलं असं वाटत नाही. माझ्या काही मैत्रिणी अजून म्हणतात, तीन ढगांपायी चांगली जागा घालवलीस. घालवली तर घालवली. चंद्र एकच आहे हे गॅरेथचं खरंच होतं. घरं एक नसतात, हे मला त्या खुर्चीवरून उठल्यावर सुचलं.

कॅलेंडर निघालं. स्लाऊत बऱ्याच स्वयंपाकघरांत लागलं, कार्डिफपर्यंत गेलं. ढगांच्या महिन्यांत कुंदाताईंना तक्रारींचे फोन आले म्हणे. आले तर आले. काकांनी एक प्रत भंडाऱ्याला धाकट्या भावाला पोस्टाने पाठवली. इतक्या वर्षांत गावी गेलेला त्यांच्या घराचा तो पहिला फोटो.

एका रविवारी दुपारी काकांचा मला फोन आला. आवाज जरा वेगळाच होता.

"धाकट्याचा फोन आलता," काका म्हणाले. "चंद्राचं तं नावच नाही काढलं त्यानं. म्हने, दादा, हे घर कोनाचं?"

"मग? काय सांगितलंत?"

पलीकडे काकूंची भांड्यांची खडखड ऐकू येत होती.

"म्हनलं, ये. बेल वाजव. दार मीच उघडतो."